'झाकण'च्या लेखकास

१२ फेब्रुवारी

'झाकण' या पटकथेच्या लेखकास,

आपली पटकथा माझ्याकडे वाचनासाठी आली. आमच्या कंपनीत पटकथेवरचं नाव काढून ती वाचकाकडे देतात आणि वाचकाचं नाव काढून अभिप्राय लेखकाकडे पाठवतात. मध्ये एक बाई बसतात, त्या दोन्हीकडची पाकिटं सांभाळतात. वाचक आणि लेखक एकमेकांच्या ओळखीचे निघाले तर पटकथा बाद होते. हे आपल्याला ठाऊक असेलच, पण पहिल्या पत्रात सांगायची पद्धत आहे.

आधी जे जमलंय ते सांगते. अख्ख्या शहरावर झाकण, आत हवा नळाने येते, प्रत्येक घराला मीटर, ही कल्पना चांगली आहे. त्याहून चांगलं म्हणजे आपण ती समजावत बसला नाहीत. शाळेत मुलं खेळताना पळाली, जास्त हवा वापरली म्हणून घरी दंडाची चिठ्ठी येते, तिथे मी हसले आणि मग हसल्याचं वाईट वाटलं. झाकण बाहेरून पुसणारा माणूस खाली उतरतो, सगळे त्याच्याभोवती जमतात आणि तो आकाशाबद्दल अवाक्षर न काढता 'हात दुखले' एवढंच म्हणतो, हे फारच छान.

कायदाही पटतो. जो काम करत नाही त्याची हवा घरच्यांनी बंद करायची, स्वतःच्या हाताने. अधिकारी फक्त घड्याळ बघायला येणार. म्हणजे सरकारने काखा वर केल्या आणि सगळं घरातल्या माणसांच्या गळ्यात मारलं. असं खरंच होऊ शकेल असं वाचताना वाटत राहतं.

आता जे जमलेलं नाही. अधिकारी फार बोलतो. दारात उभा राहून तो कायद्याचा इतिहास सांगतो, हवेचं गणित सांगतो, वर स्वतःचं बालपणही सांगतो. त्याची निम्मी वाक्यं कापा, तो दुप्पट भीतीदायक होईल.

दुसरी गोष्ट मोठी आहे. थोरली मुलगी आजारी आईच्या पलंगाशी जाते, हवेच्या चावीवर हात ठेवते आणि आपण तिथे कट करता. पुढच्या दृश्यात रिकामा पलंग. मधलं दृश्य कुठे आहे? सगळी पटकथा ज्या खोलीकडे चालली आहे तिच्या दारातूनच आपण परत फिरलात. धाकटा मुलगा त्या वेळी जिन्यात उभा आहे, आणि कॅमेराही त्याच्याबरोबर जिन्यातच राहतो. प्रेक्षकाला फसवल्यासारखं वाटेल. ते दृश्य लिहा.

एक किरकोळ चौकशी. या घरातले वडील खुर्चीतून उठताना 'एक, दोन, साडेतीन' म्हणतात. हे आपल्याला कुठून सुचलं?

अभिप्रायाला उशीर झाला. घरी एक मशीन सतत चालू असतं, त्याच्या आवाजात वाचायची अजून सवय व्हायची आहे.

— वाचक


२० फेब्रुवारी

बारक्या,

'साडेतीन' आपल्या बाबांखेरीज जगात कुणीही म्हणायचं नाही. पलंगाच्या दांडीवर चमचा वाजवून हाक मारणारी आई पण आपलीच. तुला काय वाटलं, वर झाकण ठेवलंस की आतलं घर कुणाला ओळखू येणार नाही? तिसऱ्या पानावर ओळखलं मी. तरी शेवटपर्यंत वाचली आणि शहाण्यासारखा अभिप्राय लिहिला, 'आपण' वगैरे म्हणून.

हे पत्र मी कंपनीच्याच पाकिटातून पाठवते आहे, वर 'पुरवणी अभिप्राय' असं लिहून. मधल्या बाई पाकीट उघडत नाहीत. मला दुसरा रस्ताच नाही. नंबर तू बदललास. जुन्या पत्त्यावरची माझी पत्रं परत आली. आणि आता तूच माझ्या टेबलावर आलास, नाव खोडलेला. हे कंपनीला कळलं तर तुझी पटकथा जाईल, हे मला चांगलं समजतं. मी ती उत्तम म्हणून पुढे पाठवणार होते, आणि ते बहिणीचं कौतुक नाही. पण आता पाणी डोक्यावरून गेलंय, म्हणून लिहिते.

आईची फुप्फुसं गेली आहेत. एकदम नाही, हळूहळू. आता ऑक्सिजनचं मशीन घरी आहे, पलंगाशेजारी, आणि ते जुन्या फ्रीजसारखं घुरघुरतं. नळी लांब आहे, ती खिडकीपर्यंत जाते आणि न्हाणीच्या दारापर्यंत. माझा पाय चुकून नळीवर पडला की आई म्हणते, "हवेवरचा पाय काढ." वीज गेली की मी सिलिंडर ओढत आणते, तेवढ्या वेळात ती माझ्याकडे बघते आणि मी तिच्याकडे बघत नाही. तुझ्या पटकथेतल्या दंडाच्या चिठ्ठीला मी म्हणूनच हसले होते.

डॉक्टरांनी मला जिन्यात नेऊन सांगितलं. पुढच्या वेळी छातीत जंतू शिरले की हे मशीन पुरणार नाही. मग दोन वाटा. एक, हॉस्पिटल, घशात नळी, व्हेंटिलेटर. या फुप्फुसांना ती नळी एकदा लागली की बहुतेक सुटत नाही. दुसरी, घरीच ठेवायचं. ते औषध देतील, धडपड होणार नाही. "तुम्ही भावंडं बसून ठरवून ठेवा," म्हणाले. भावंडं म्हणाले. आणि मी मान हलवली, जणू तू आतल्या खोलीत कपडे बदलतोयस.

मला एकटीला ठरवता येत नाही रे. नळी नको म्हणाले तर मी तिला मारलं. हो म्हणाले तर मी तिला तिथे खिळवून ठेवलं. दोन्हीकडून मीच. भांडी घासताना, कुणाच्या तरी प्रेमकथेवर अभिप्राय लिहिताना, सारखं हेच डोक्यात असतं. तुझ्यावर रागवायलासुद्धा मला फुरसत नाही, तो राग तसाच ठेवला आहे, आलास की देईन.

माझा नंबर तोच आहे. फोन कर. 'नळी घाल' म्हण, 'नको' म्हण, काहीही म्हण. आईला यातलं काही कळू दिलेलं नाही.

— ताई


४ मार्च

बारक्या,

फोन नाही. पत्र नाही. मी रोज मधल्या बाईंच्या टेबलाशी घुटमळते. आज त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "तुमचं काय चाललंय ते मला माहीत नाही आणि मला माहीत करून घ्यायचं पण नाही. पण लेखकाला मधेच उत्तर देता येत नाही. वाचकाचं संपेपर्यंत त्याने गप्प बसायचं. पुरवणी पाठवलीत ना, म्हणजे तुमचं संपलेलं नाही असं होतं."

मी तिथल्या खुर्चीत बसूनच राहिले. म्हणजे तू कदाचित नियमच पाळतोयस! शाळेत रांगेतून कधी बाहेर न आलेला तू, पटकथा जाईल म्हणून मूग गिळून बसला असशील. किंवा वाचून पाकीट कोपऱ्यात टाकलं असशील. या दोन्हींतलं काय ते मला इथून दिसत नाही आणि त्यानेच माझा जीव टांगणीला लागलाय. माझं संपलं असं लिहून दिलं तर हा रस्ताही बंद होतो, कारण त्यानंतर पाकीट जात नाही. म्हणून मी संपवत नाही. अभिप्राय पुढे चालू.

मुद्दा, थोरली. तू तिला दगड करून ठेवलंयस. ती न रडता आत जाते, न रडता बाहेर येते, आणि धाकटा तिच्याकडे बघून हादरतो. जिन्यातून बघणाऱ्याला ती तशीच दिसणार. पण जो लिहायला बसलाय त्याने आत जायला हवं होतं. तुला आत काय झालं हे माहीतच नाही, म्हणून तू कट केलंस. बाबा गेले तेव्हाही तू हॉस्पिटलातून खाली चहा आणायला गेलास आणि आलाच नाहीस. नंतर सगळं उरकल्यावर आलास, चार दिवस भिंतीकडे तोंड करून झोपलास आणि निघून गेलास. आम्हाला कुणाला एका शब्दाने विचारलं नाहीस.

तर मी सांगते. खोली लहान होती. खिडकीवर हिरवा पडदा, त्याची दोन कडी निसटलेली. नर्स पोरगेलीशी होती, तिने आधी बाबांचे ओठ ओल्या कापसाने पुसले आणि मग नळी काढली. मला वाटलं होतं लगेच सगळं संपेल. तसं झालं नाही. बाबा बराच वेळ स्वतःच श्वास घेत राहिले, घोरल्यासारखा, दुपारी घोरायचे तसा. आई म्हणाली, "बघ, यांना काही झालेलं नाही." आणि आम्ही दोघी हसलो. हसलो रे, त्या खोलीत. मग ती त्यांचे पाय चेपत बसली. श्वास लांबत गेले. मला काय करावं सुचेना म्हणून मी त्यांच्या कानाशी वाकून 'एक, दोन' म्हटलं. पुढचं माझ्या तोंडून निघालं नाही.

एवढंच झालं. बाबा तुझी वाट बघत होते का, हे तुला विचारायचं असणार. मला माहीत नाही. डोळे मिटलेले होते. खोटं सांगून तुला बरं वाटवणार नाही आणि टोचणारही नाही.

ते दृश्य असं आहे. तुझ्या जिन्यातल्या दृश्यापेक्षा ते खूपच कमी भयंकर आहे. पण तेव्हा आम्ही दोघी होतो. आता मी एकटी आहे, आणि पलंगावर ती आहे. मला जमणार नाही. सरळ सांगते, जमणार नाही.

आईला काल ताप होता. आज नाही.

— ताई


११ मार्च

बारक्या,

आईने पटकथा पकडली.

मी औषधं आणायला खाली गेले होते. परत आले तर तिच्या मांडीवर 'झाकण', चष्मा नाकाच्या टोकावर, आणि ती पानं उलटत होती. "हे कुणाचं?" म्हणाली. मी म्हटलं, कंपनीचं. "वाच," म्हणाली. "अक्षरं पळतात माझी."

तुला ठाऊक आहे, आपल्या जन्माआधी ती नाटकमंडळीत पडद्यामागे बसायची, वही घेऊन. नट अडकला की पुढचं वाक्य हळूच सरकवायची. तिला कुणी कधी रंगमंचावर पाहिलं नाही, पण सगळ्यांची सगळी वाक्यं तिला पाठ. अजून टीव्हीवरची माणसं बोलताना तिचे ओठ हलतात. तर अशा बाईला मी तुझी पटकथा वाचून दाखवली, तीन दुपारी. 'साडेतीन' आलं तेव्हा मी ते गाळणार होते, पण माझा आवाज आधीच चिरकला. तिने डोळे उघडले नाहीत. फक्त म्हणाली, "पुढे."

अधिकारी बोलायला लागल्यावर तिने हात वर केला. "त्याला कुणीतरी पाणी द्या, घसा सुकला असेल बिचाऱ्याचा." झाकण पुसणारा तिला आवडला. थोरलीबद्दल म्हणाली, "ही जेवते कधी? अख्ख्या गोष्टीत पोरीने काही खाल्लं नाही." मग तुझा तो कट आला, रिकामा पलंग आला, आणि मी थांबले.

तिने विचारलं, "या म्हातारीला वाक्य कुठाय?"

मी पानं चाळली. नाहीये. खरंच नाहीये, बारक्या. अख्ख्या पटकथेत त्या आईला एकही वाक्य नाही. ती खोकते, चमचा वाजवते, खिडकीकडे बघते. कायदा तिच्याबद्दल, भांडण तिच्याबद्दल, आणि तिला कुणी काही विचारत नाही. एवढा मोठा अभिप्राय मी लिहिला, अधिकाऱ्याची वाक्यं मोजली, आणि हे माझ्या नजरेतून सुटलं. सुटणारच. मीसुद्धा तुला दोन पत्रं लिहिली, हो म्हण, नाही म्हण, आणि ती माझ्यापासून दोन हातांवर जागी पडलेली असायची.

मी पटकथा खाली ठेवली आणि तिला सगळं सांगितलं. डॉक्टर, नळी, दोन्ही वाटा. रडत सांगितलं, नीट सांगितलंच नाही. तिने ऐकून घेतलं. दम खात खात बोलली, मी तिचे शब्द जसेच्या तसे देते:

"नळी नको. तुझ्या बाबांना घातली तेव्हा मी हो म्हटलं होतं, मला कळलं नव्हतं. मला घरीच ठेव. खिडकीपाशी. आणि तू ठरवलंस असं डोक्यात घेऊन बसू नकोस, मी ठरवलंय. कळलं का?"

मी हो म्हटलं.

"आणि त्याला बोलाव."

मी म्हटलं, आई, तो...

"ठरवायला नको. ठरलं ते. नुसतं येऊन बस म्हणावं. तो घाबरतो. लहानपणी ताप आला तरी सांगायचा नाही, पांघरुणात लपून बसायचा. त्याला म्हणावं, आतमध्ये काही नाहीये, मीच आहे."

मला वाटलं होतं, ठरलं की मोकळं वाटेल. थोडा वेळ वाटलंही. मी स्वयंपाकघरात जाऊन उभ्याउभ्या भात खाल्ला, थंड. आणि मग लक्षात आलं की ती जे सोपं मागतेय तेच माझ्या हातात नाही. तिला घरी ठेवणं मी करेन. औषध वेळेवर देईन. तुला कुठून आणू? कुठल्या शहरात राहतोस तेही मला माहीत नाही.

ये. हा अभिप्राय नाही, पुरवणीही नाही. तुझ्या पाया पडते, ये.

— ताई


१९ मार्च

बारक्या,

पाकीट आलं. मधल्या बाई स्वतः घेऊन आल्या, तीन जिने चढून, धापा टाकत. "नियमाने हे यायला नको होतं," म्हणाल्या. मी पाकीट फाडलं. वाटलं, पत्र असेल. कुठल्या गाडीने येतोस ते असेल.

पानं निघाली. सुधारित दृश्य! फोन उचलून 'ताई' म्हणायच्या ऐवजी तू दृश्य लिहून पाठवलंस. माझा इतका संताप झाला की मी ती पानं ओट्यावर आपटली आणि न्हाणीत जाऊन नळ सोडून रडले. आईने चमचा वाजवला तेव्हा बाहेर आले.

मग वाचलं. धाकटा जिना चढून वर येतो. दार उघडतो. आत जातो. म्हणजे तू वाचलंयस सगळं. हिरवा पडदा घेतलास, ओला कापूस घेतलास. म्हणजे तू तिथे आहेस, माझी पत्रं तुझ्यापर्यंत जातात, आणि तुला येता येत नाही म्हणून तू त्या धाकट्याला पाठवलंस. मला राग धरता येईना. तू असाच आहेस.

आईने ऐकायचं म्हटलं. तिचे मुद्दे देते, ती दमते म्हणून थोडक्यात. धाकटा आत आल्यावर पाऊणएक पान क्षमा मागतो, ती सगळी काढ. "एवढं ऐकायला त्या बाईकडे हवा आहे का?" असं तिने विचारलं. आईला आता वाक्यं दिलीस ते चांगलं केलंस, पण 'तू आलास, आता मी सुखाने जाते' हे वाक्य कुठलीही आई म्हणणार नाही, ती म्हणेल, केस केवढे वाढलेत. थोरलीला त्या दृश्यात खुर्ची दे, ती सबंध वेळ उभी आहे. आणि धाकट्याने पायथ्याशी बसायचं नाही, उशाशी बसायचं. 'मी आलोय' एवढं एकच वाक्य ठेव. तेवढं पुरतं असं तिचं म्हणणं आहे.

माझा एकच मुद्दा. दृश्य चांगलं झालंय. तुझ्या हातून आजवर झालेलं सगळ्यात चांगलं. आणि मला ते नको आहे.

एक सांगायचं राहिलं. मी आज साहेबांना जाऊन सांगितलं की 'झाकण'चा लेखक माझा भाऊ आहे. ते खूप बोलले. पटकथा माझ्याकडून काढून घेतली, बहुधा बाद होईल, आणि मलाही पुढचं वाचन देणार नाहीत असं दिसतंय. तुझं स्वप्न मी मोडलं असेल तर मोडलं. पण आता नियम पाळायचं तुला काही कारण उरलेलं नाही, हे तुला कळावं म्हणून केलं. तुझा नंबर मागितला तर साहेबांनी तो दिला नाही, ते गुप्त असतं म्हणे. मधल्या बाईंनी मात्र बाहेर येऊन माझा हात धरला. यापुढचं जे काही असेल त्याचा फोटो काढून त्या स्वतःच्या फोनवरून तुला पाठवणार आहेत. हेही त्याच पाठवतील.

ताप परत आलाय. या वेळी उतरत नाही.

— ताई


२२ मार्च

बारक्या,

सकाळी डॉक्टर येऊन गेले. छातीला यंत्र लावून बराच वेळ ऐकत राहिले, मग ते गळ्यात अडकवून आईलाच विचारलं, "काय ठरवलंय?" तिने खिडकीकडे बोट केलं. मी पलंग खिडकीपाशी ओढून घेतला होताच. त्यांनी औषध दिलं, कसं द्यायचं ते मला शिकवलं. जिन्यात म्हणाले, आज, फार तर उद्या. या वेळी मला जिन्यात ऐकून घ्यायचं नव्हतं, मी अर्धं ऐकून वर आले.

औषधाने धडपड थांबली आहे. ते खरं बोलले होते. ती मधेच झोपते, मधेच जागी होते आणि दाराकडे बघते. दार मी उघडंच ठेवलंय. खालच्या मजल्यावर कुणी जिना चढायला लागलं की तिचे डोळे तिकडे जातात, आणि पावलं दुसऱ्याच्या दाराशी थांबली की परत मिटतात. मला ते बघवत नाही. मी अधूनमधून उगाच भांडी हलवते, म्हणजे पावलं ऐकू यायला नकोत.

दुपारी मला राहवलं नाही. वाटलं, तिला एवढं तरी देऊ. मी तुझी पानं घेतली आणि उशाशी बसून दृश्य वाचायला लागले. तिने सांगितलेलं सगळं कापून. जिना, दार, पडदा. मग तुझं वाक्य आलं. मी आवाज थोडा जड केला, तुझ्यासारखा, आणि म्हटलं, "आई, मी आलोय."

तिने डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, फसली. मला वाटलं, फसू दे, देवा, एवढी एकदा फसू दे. मी पुन्हा म्हटलं, "आई, मी आलोय."

तिने हात उचलला. उचलवत नव्हता. माझ्या हातातली पानं खाली दाबली, आणि तोंड जवळ नेल्यावर ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "त्याचं वाक्य तू नको म्हणूस. मी थांबते."

ती थांबली आहे, बारक्या. एकेक श्वास असा घेते जणू तो कुणाकडून तरी मागून आणलाय. ती किती थांबू शकेल हे डॉक्टरांना सांगता येत नाही, मलाही नाही. मी तिला सांगून पाहिलं, नको थांबूस आई, तो नाही आला तर नाही आला, तू झोप. तिने मान हलवून नाही म्हटलं.

मधल्या बाई फोन घेऊन शेजारीच उभ्या आहेत, हे पान संपायची वाट बघत. वाचून झालं की लिहायला बसू नकोस. नीघ.

— ताई